चाकांवरच्या घरातला संडास आणि भिंतीमागची गळती

ट्रेलरचे फोटो टाकले की घरून कौतुक होतं आणि मग हळूच कोणीतरी विचारतंच, "बाकी सगळं ठीक, पण संडासचं काय करता?" तर आज तेच सांगतो. जेवता जेवता वाचू नका.

आरव्हीत, म्हणजे अशा चाकांवरच्या घरात, तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, दुसरी अंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची, म्हणजे ब्लॅक टँक. आमची 30 गॅलनची आहे, साधारण 113 लिटर. भरली की डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, तीन इंची नळी लावून ओतून द्यायची. पण तेवढ्यानं भागत नाही. कागद आणि गाळ आत चिकटून राहतो आणि टाकी रिकामी असूनही सेन्सर ती भरल्याचं दाखवतो. म्हणून ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला फ्लशचं वेगळं तोंड दिलेलं असतं. त्याला नळी जोडली की टाकीतल्या फवाऱ्यातून पाणी सुटतं आणि टाकी आतून धुऊन निघते.

ओहायोतला हिवाळा सरल्यावर पहिल्याच सहलीत हा फ्लश सुरू केला आणि बाथरूमच्या सिंकखालच्या कपाटातून पाणी वाहायला लागलं. बायको दोन पावलं मागे सरकली. पण पाणी स्वच्छ होतं, वासही नव्हता. ताज्या पाण्याचा पंप लावून पाहिला, कपाट कोरडं. कॅम्पच्या नळाचं पाणी घरात घेतलं, तरी कोरडं. फ्लश लावला की मात्र धार. म्हणजे घरातले नळ निर्दोष, दुखणं फ्लशच्या लाइनीत. कपाटामागची फळी काढून बॅटरी मारली, तर प्लास्टिकच्या व्हॅक्यूम ब्रेकरला (पाणी उलटं ओढलं जाऊ न देणाऱ्या भागाला) टोपणाखाली बारीक चीर गेलेली.

कारण थंडीच. हिवाळ्याआधी पाइप गोठू नयेत म्हणून पंपानं गुलाबी अँटिफ्रीझ फिरवतात. पण फ्लशची लाइन पंपाला जोडलेलीच नसते, त्यामुळे ते तिथवर पोचत नाही. तिच्यातलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेनं वेगळं काढावं लागतं. ट्रेलर सेकंडहँड, आधीच्या मालकानं ते केलं होतं की नाही, देव जाणे.

दुरुस्तीवाल्याचे ताशी दर ऐकले की आपोआप पाना हातात येतो. तसं काम अवघड नाही, जागा तेवढी अडचणीची. जुना ब्रेकर काढायचा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची, नवा हातानं घट्ट बसवून पान्यानं जेमतेम पाव फेरा द्यायचा. जास्त जोर लावला तर प्लास्टिक तडकतं आणि पुन्हा पहिल्यापासून. मग भोवती कोरडा टिश्यू गुंडाळून नळ सोडायचा. टिश्यू ओला झाला नाही, तरच फळी परत लावायची.

काही जण हा ब्रेकर काढून सरळ पाइपच जोडतात. गळती थांबते, पण हे करू नका. नळाचा दाब अचानक गेला तर टाकीतलं घाण पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं, थेट कॅम्पच्या पाण्याच्या लाइनीत. ब्रेकर अशा वेळी हवा आत घेऊन ती ओढ तोडतो. टाकीपेक्षा बराच उंच, भिंतीमागे बसवतात तो त्यासाठीच. ते झंझट नको असेल तर कमोडमधून आत सोडायची फवाऱ्याची कांडी मिळते, ती वापरा.

नळ्यांच्या बाबतीत मात्र मी आजीचं सोवळं पाळतो: पिण्याच्या पाण्याची पांढरी, फ्लशची वेगळ्या रंगाची, दोघींचे डबेसुद्धा वेगळे. काही कॅम्पग्राउंडवर दाब भलताच असतो, म्हणून नळावर दाब 40-50 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) रोखणारा रेग्युलेटर लावतो. आणि फ्लश चालू असेतो टाकीचा मैला बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतो. तो बंद ठेवून कोणी गप्पा मारत बसलं, तर टाकी भरते आणि पाणी कमोडमधून नाहीतर छतावरच्या व्हेंटमधून बाहेर येतं. ते पाणी स्वच्छ नसतं.