शेवटची सीडी खराब नव्हती

२००६ च्या उन्हाळ्यात ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ : द सिथ लॉर्ड्स’ या ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या संगणकीय गेमच्या सीडींचा संच घेऊन मी सीताबर्डीच्या एका दुकानात तक्रार करायला गेलो होतो. शेवटची सीडी खराब आहे, अशी माझी खात्री होती. पन्नासेक तास नीट चाललेला गेम शेवटच्या ग्रहावर पोहोचताच अचानक भरकटला होता, सोबतची माणसे दिसेनाशी झाली होती आणि एक महत्त्वाचा प्रसंग मध्येच तुटला होता. दुकानदार काकांनी सीडी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि परत माझ्यापुढे ठेवली. “तुझ्यासारखे तीन पोट्टे येऊन गेले याच्याचसाठी. सीडीले काही झालं नाही बाप्पा, गेमच तसा हाय.”

त्या वेळी मला तो पैसे परत न देण्याचा बहाणा वाटला. काकांचे म्हणणे मात्र अक्षरशः खरे होते.

या मालिकेतला पहिला गेम बायोवेअर या कंपनीने केला होता आणि तो २००३ मध्ये आला. दुसऱ्या भागासाठी बायोवेअरनेच ओब्सिडियन एन्टरटेनमेंटचे नाव लुकासआर्ट्स या प्रकाशक कंपनीला सुचवले. ब्लॅक आयल या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या मंडळींनी, म्हणजे फर्गस अर्कहार्ट, क्रिस एव्हेलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच वर्षी काढलेली ही कंपनी. पहिल्या गेमचे इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ प्रणाली, त्यांना आयते मिळाले, पण वेळ मिळाला जेमतेम सव्वा वर्षाचा. डिसेंबर २००४ मध्ये, नाताळच्या खरेदीच्या तोंडावर, गेम एक्सबॉक्स या खेळयंत्रावर आला आणि फेब्रुवारी २००५ मध्ये संगणकावर. अर्धवट राहिलेल्या शेवटाचे सगळे खापर चाहत्यांनी प्रकाशकावर फोडले. एव्हेलोन यांनी पुढे मुलाखतींतून आपल्या संघाच्या वाट्याचा दोषही मान्य केला, कारण मिळालेल्या वेळेच्या मानाने त्यांनी आराखडाच फार मोठा आखला होता.

मी पुस्तकांच्या मांडणीचा व्यवसाय करतो, त्यामुळे ही गोष्ट मला जरा वेगळी दिसते. दिवाळी अंकाचे शेवटचे पान फर्म्यात बसत नाही, मशीनवाला दारात उभा असतो आणि सोळा पानांच्या हिशेबाबाहेर गेलेला मजकूर त्या रात्री कापावाच लागतो. अशा वेळी शहाणा संपादक पहिल्या लेखाची प्रस्तावना कापू पाहतो, कारण तिथे चरबी असते. पण पहिला लेख तोवर छापून झालेला असतो, म्हणून प्रत्यक्षात कात्री लागते ती हाताशी उरलेल्या शेवटच्या लेखाला. सुरुवात आधी तयार होते म्हणून ती वाचते आणि शेवट शेवटी तयार होतो म्हणून तो जातो. या गेमवरचे घाव मला नेमके असेच पडलेले दिसतात.

सुरुवात पाहा. पेरागस नावाच्या खाणकेंद्रातल्या औषधी द्रवाच्या टाकीतून आपण अंगावरच्या अंतर्वस्त्रांनिशी बाहेर पडतो आणि आजूबाजूला सगळे मेलेले असतात. शवागारात क्रेया नावाची म्हातारी प्रेतासारखी पडलेली असते, ती उठून बसते आणि बोलू लागते. पुढचे कित्येक तास आपण ओस बोगद्यांतून फिरत, बिघडलेल्या यंत्रमानवांशी लढत, मृत कामगारांच्या नोंदी एकेक करून ऐकत तिथे नेमके काय घडले याचा माग काढतो. हे सारे काळजीने घडवलेले आहे, आणि निम्म्याने लांब झाले आहे. पेरागसचे तीन मजले कमी करून तो वेळ शेवटाला देता आला असता, तर मी सीडी परत करायला गेलोच नसतो.

आता मॅलाकोर हा शेवटचा ग्रह पाहा. आपले जहाज तिथे कोसळते आणि जहाजावरचे सोबती काही न सांगता पडद्याआड जातात. मग थोडा वेळ आपल्या हाती येतो रिमोट, म्हणजे बाओ-ड्युर या तंत्रज्ञाचा चेंडूएवढा तरंगता यंत्रमानव. त्याने चार यंत्रे सुरू करायची असतात. ती होत आली की गो-टो नावाचा मोठा गोल यंत्रमानव त्याची वाट अडवून धमकी देतो. पुढे काय होते? काहीच नाही. प्रसंग तिथेच सुटतो आणि पुन्हा त्याचा उल्लेखही येत नाही. त्या रात्री मी हा भाग तीनदा पुन्हा खेळून पाहिला.

एचके-५० या मारेकरी यंत्रमानवांचेही तसेच. अतिनम्र बोलत जीव घ्यायला येणारे हे प्राणी गेमभर वाटेत आडवे येतात. त्यांना बनवतो कोण, हा प्रश्न पुनःपुन्हा टोचला जातो आणि उत्तर न देताच गेम संपतो. उत्तर लिहून तयार होते. टेलॉस ग्रहावर त्यांचा कारखाना होता आणि पहिल्या गेममधला लाडका एचके-४७ तिथे एकटा शिरणार होता. एम४-७८ हा यंत्रमानवांचा एक आख्खा ग्रहसुद्धा गळला.

हे कळले कसे, तर कापलेला मजकूर सीडीवरून पुसायलाही कोणाला सवड झाली नव्हती. गेमच्या फोल्डरमध्ये ‘स्ट्रीमव्हॉइस’ नावाचा एक कप्पा आहे. नटांनी ध्वनिमुद्रित केलेले, पण कोणत्याही प्रसंगात न वाजणारे संवाद त्यात तसेच पडून होते. फायलींची नावे वेव्ह प्रकारची, आतला आवाज मात्र एमपी३ चा आणि सुरुवातीला फसवा मथळा, त्यामुळे साध्या प्लेअरला त्या उमगत नसत. मथळा कापून टाकणारी एक छोटी प्रणाली उतरवून मी काही फायली ऐकल्या. भारनियमनामुळे दिवसा वीज नसे, म्हणून हे उद्योग रात्रीचे. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवला की आतल्या खोलीतून आई ओरडत असे. अ‍ॅटन हा सोबती सायन या खलनायकाशी झुंजतो तेव्हाचे बोलणे मी असे, कुठल्याही चित्राशिवाय, पहिल्यांदा ऐकले. गेममध्ये ही झुंजच नव्हती.

याच अवशेषांवरून चाहत्यांनी गेम सांधायला घेतला. टीम गिझ्का या गटाचा प्रयत्न वर्षानुवर्षे रेंगाळला. पुढे दुसऱ्या गटाने ‘द सिथ लॉर्ड्स रिस्टोर्ड कंटेंट मॉड’ (मॉड म्हणजे चाहत्यांनी गेमला जोडलेली सुधारणा) पूर्ण केले, विनामूल्य. २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर गेमला नवा अपडेट आला आणि तिथल्या वर्कशॉप या मॉडच्या विभागामुळे हे मॉड एका क्लिकवर बसू लागले. २०२२ मध्ये निन्टेन्डो स्विच या खेळयंत्रावर गेम आणताना अ‍ॅस्पायर या कंपनीने हाच मजकूर अधिकृतपणे देण्याचे जाहीर केले आणि वर्षभराने, जून २०२३ मध्ये, ते रद्द झाल्याचे सांगितले. एकाच मजकुराच्या नशिबी दोनदा कात्री यावी, हे आमच्या धंद्यातही क्वचितच घडते.

यंदाच्या उन्हाळ्यात मी मॉड लावून गेम पुन्हा पूर्ण केला. कापले गेले ते सगळेच उत्तम होते असा एक भाबडा समज चाहत्यांत आहे, तो मला पटत नाही. एचके कारखान्याची कल्पना गमतीची आहे, एचके-४७ चे बोलणे तर बहारीचे; तरी एकट्या यंत्रमानवाला घेऊन एकामागून एक दालने पार करताना मी दोनदा घड्याळ पाहिले. यंत्रमानवांचा ग्रह मॉडवाल्यांनी मुख्य संचात न घालता वेगळा ठेवला आहे, तेही योग्यच केले. मला हव्या होत्या त्या लहान गोष्टी: कोण कुठे गेले, कोणी कोणाला गाठले, शेवटच्या दारापर्यंत कोण पोहोचले आणि कोण नाही. त्या आल्या. अ‍ॅटनची झुंजही पाहिली, या वेळी चित्रासकट.

सर्वांत शेवटी क्रेया आपल्यासमोर उभी असते आणि मरण्यापूर्वी एकेका सोबत्याचे पुढे काय होईल ते तिला विचारता येते. २००६ मध्ये मला ती निव्वळ सारवासारव वाटली होती; दाखवायला वेळ उरला नाही म्हणून म्हातारीच्या तोंडून वदवून घेतले, अशी माझी ठाम समजूत होती. मॉडमध्येही ती उत्तरे तशीच आहेत. या खेपेला मी एकाही सोबत्याबद्दल विचारायचे सोडले नाही आणि सारा केस्टेलमन यांचा तो शांत, किंचित थकलेला आवाज कूलर बंद करून ऐकला.