अकरा आठवडे अडकलेले चार हजार डॉलर

आमच्या चर्चच्या मंडळीची अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील एका मंडळीशी असलेली मैत्री सहा रविवारांत जुळली. त्या मैत्रीपोटी आलेले चार हजार डॉलर मात्र अकरा आठवडे एका बँकेत अडकून पडले. मैत्री समितीचा चिटणीस या नात्याने त्या काळात मी बँकेच्या पायऱ्या इतक्या वेळा चढलो, की तेथील सुरक्षारक्षक मला 'जय ख्रिस्त' म्हणू लागला. अशीच मैत्री जोडू पाहणाऱ्या इतर मंडळ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे, आणि लिहिताना अजूनही थोडा राग येतो, हे आधीच कबूल करतो.

नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि बोस्टन यांचा संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरात १८३१ साली ठाणे उघडले आणि त्या मिशनरींना पाठवणाऱ्या संस्थेचे मुख्य कार्यालय बोस्टनला होते. त्यामुळे २०२१ मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत ऑनलाइन उपासनेच्या निमित्ताने ओळख झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना ती जुनीच वाटली. आम्ही नारायण वामन टिळकांची भजने म्हणायचो, ते त्यांची गीते म्हणायचे. अडचण होती ती फक्त घड्याळाची. त्यांचे दुपारचे बारा म्हणजे उन्हाळ्यात आमचे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरात त्यांची घड्याळे एक तास मागे गेली, की साडेदहा. महिला संघाने मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिनही त्यांच्यासोबत पाळला. हे सारे विनासायास घडले.

२०२२ च्या पावसाळ्यात वेदीच्या बाजूचे छप्पर गळू लागले. ते त्यांनी पडद्यावर पाहिले, आम्ही मागितले नव्हते तरी वर्गणी काढली आणि नोव्हेंबरात मंडळीच्या बचत खात्यावर परस्पर पैसे पाठवून दिले. खाते क्रमांक मीच आधी एका पत्रात कळवला होता. ती माझी चूक, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ तेथेच आहे.

पैसे खात्यात जमा झाले नाहीत, परतही गेले नाहीत. चौकशीला गेलो, तर 'कोणत्या कारणासाठी?' असे विचारून एक फॉर्म दिला. तो भरून दिल्यावर पुढच्या आठवड्यात दुसरा आला. तिसऱ्या खेपेस आमच्या ट्रस्टच्या नोंदणीची प्रत मागितली, जी आमच्याकडे नव्हती, कारण चर्चची इमारत आणि जागा एका मोठ्या विश्वस्त संस्थेच्या नावावर आहे आणि स्थानिक मंडळीला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही. त्यानंतर दर सोमवारी एकच उत्तर मिळत असे, 'वरून कळेल.' वर म्हणजे कोठे, हे विचारले की खालच्या टेबलाकडे बोट जाई. नाताळ गेला, संक्रांत गेली. पलीकडून त्यांच्या खजिनदारबाई अत्यंत सौजन्याने विचारत, 'मिळाले का?' आणि त्या सौजन्याने मला अधिकच ओशाळे वाटे.

जानेवारीत एका कर्मचाऱ्याने चांगल्या हेतूने सुचवले, की ही रक्कम पाळकसाहेबांच्या नावे वैयक्तिक भेट म्हणून दाखवा, पैसे कशासाठी आले हे सांगणारा बँकेचा कोड पी-१३०२ टाका, लगेच मोकळी होईल. धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या देणगीचा कोड पी-१३०३ आहे; एका आकड्याचा फरक. मी, खरे सांगायचे तर, डळमळलो होतो. आमचे खजिनदार नाना निवृत्त शिक्षक आहेत, ते एवढेच म्हणाले, "छप्पर गळते आहे ते गळू दे, हिशेब गळायला नको." आज मला त्यांचा अभिमान वाटतो, त्या दिवशी चीड आली होती.

कायदा नेमका काय आहे, हे आम्हाला शेवटी नानांच्या ओळखीच्या एका चार्टर्ड अकाउंटंटने अर्ध्या तासात सांगितले. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी देणगी घेताच येत नाही. नोंदणी असली तरी ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. पूर्वी नोंदणीकृत मोठी संस्था असे पैसे घेऊन दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे वळवू शकत असे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तोही मार्ग बंद केला. म्हणजे बँकेने पैसे जमा केले नाहीत, हे बरोबरच होते. माझी तक्रार एवढीच आहे, की हे एक वाक्य पहिल्या सोमवारी सांगता आले असते. फेब्रुवारीत रक्कम परत गेली, शुल्क वजा होऊन अडतीस डॉलर कमी.

मार्ग निघाला तो असा. इमारतीची मालक असलेली विश्वस्त संस्था या कायद्याखाली नोंदणीकृत होती आणि तिच्या प्रमाणपत्रात 'धार्मिक' हा उद्देशही होता (हे अवश्य तपासावे, केवळ 'शैक्षणिक' असेल तर छपराला चालणार नाही). देणगी त्या संस्थेने आपल्या दिल्लीच्या खात्यात घेतली, आमच्याकडे एक रुपयाही न वळवता ठेकेदाराला स्वतः पैसे दिले आणि सर्व बिले स्वतःच्या नावे घेतली. मे २०२३ मध्ये नवे पत्रे बसले.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. अमेरिकेत राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, तेव्हा ती परकीय ठरत नाही. ओसीआय कार्ड असलेल्या, म्हणजे तेथील नागरिक झालेल्या, नातेवाइकाची मात्र ठरते. वर्गणी काढण्यापूर्वी प्रत्येकाचा पासपोर्ट विचारा, ओशाळू नका.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे सात जण आले. पर्यटक व्हिसावर प्रवचन करता येत नाही, उपासनेला बसता येते, हे आम्ही आधीच कळवले होते, म्हणून उपदेश आमच्या पाळकसाहेबांनीच केला. पाहुणे घरोघरी उतरले होते. परदेशी पाहुणे घरी उतरल्याचे सरकारला कळवणारा सी फॉर्म तेव्हा चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असे, तो तरुण संघाच्या मुलांनी त्याच रात्री भरला.

महिला संघाला त्या अडतीस डॉलरची रुखरुख होती. ते परत पाठवायचे म्हणजे नवी फॉर्मांची माळ, म्हणून त्यांनी वर्गणी काढून खजिनदारबाईंना एक काळी घोंगडी दिली. नानांनी ती हिशेबात कोठेही दाखवलेली नाही.