मुंग्या, इलॅस्टिक आणि मास्तरांच्या खिशातली चिठ्ठी

आमच्या मंडळाचा मेळावा वर्षातून एकदाच, अमावास्येच्या आसपासच्या रात्री, शाळेच्या हॉलमध्ये. विषय दरवर्षी एकच: विश्व कुठून आलं? खगोलशास्त्र शिकलेलं आमच्यात कुणीच नव्हतं. गणिताचे निवृत्त मास्तर, एक शिंपीकाका, बस कंडक्टर, नर्सताई, संस्कृत पाठ असलेल्या एक आजी आणि मागच्या सतरंजीवर लोळणारी आम्ही पोरं.

दाराशी चिठ्ठ्यांसाठी पत्र्याचा डबा असायचा. प्रश्न लिहायचा, नाव लिहायचं नाही. पहिली चिठ्ठी निघायची ती हमखास "त्याआधी काय होतं?" अशीच. मास्तर ती वाचायचे, घडी घालून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "ही शेवटी घेऊ." शेवटी कधीच वेळ उरायचा नाही. त्यांच्या कोटाच्या खिशात अशा किती चिठ्ठ्या साठल्या असतील कोण जाणे.

मग फुगा. फुग्यावर पेनाने ठिपके काढायचे, फुगवत न्यायचा आणि ठिपके एकमेकांपासून कसे लांब जातात ते दाखवायचं. दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, अशाच दूर जातात, मास्तर सांगायचे. जी जितकी लांब तिचा वेग तितका जास्त, हे खगोलशास्त्रज्ञ हबलने 1929 साली मांडलं. वर्षानुवर्षं आम्ही माना डोलावल्या. एका वर्षी नर्सताई म्हणाल्या, "अहो मास्तर, ठिपकेसुद्धा फुगले की! म्हणजे आपणही फुगतोय का?" मास्तरांनी फुग्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच दगा दिला. त्याच वेळी कंडक्टरकाकांनी दुसरी काडी टाकली. "सगळं लांब जातंय म्हणता, मग शेजारची देवयानी दीर्घिका आपल्याकडे का येतेय?"

उत्तर पुढच्या वर्षी शिंपीकाकांनी आणलं. हातभर इलॅस्टिक, त्यावर बोट-बोट अंतरावर टाचलेल्या बारीक टिकल्या. एक टोक मला धरायला दिलं आणि सावकाश दुप्पट ताणलं. शेजारची टिकली एक बोट सरकली, पाचवी पाच बोटं. "आता कुठल्याही टिकलीवर बसून बघ," ते म्हणाले, "बाकीच्या सगळ्या तुझ्यापासूनच पळताहेत. मधली अशी कुणीच नाही. आणि टिकली आहे तेवढीच राहिली, बघितलंस?" मग सुईत दोरा ओवून त्यांनी दोन शेजारच्या टिकल्या घट्ट बांधल्या. इलॅस्टिक ताणलं, त्या दोघी काही लांब गेल्या नाहीत. दोरा म्हणजे गुरुत्वाकर्षण. दीर्घिका आतून बांधलेली असते म्हणून फुगत नाही आणि 25 लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी आपल्याशी तशाच दोऱ्याने बांधलेली आहे म्हणून जवळ येते. दोन्ही प्रश्न एका दोऱ्यात संपले. त्यानंतर मी या विषयावरची बरीच भाषणं ऐकली, पण टिकल्यांइतकं कुणी समजावलं नाही.

सगळ्यात गर्दी व्हायची टीव्हीपाशी. जुना अँटेनाचा संच, कुठलंच चॅनल न लागलेला. पडद्यावर वळवळत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्याच मुंग्या. मास्तर म्हणायचे, "यातली शंभरात एखादी मुंगी विश्वाच्या आरंभाकडून आलीय." आणि मग पेन्झियास आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांची गोष्ट. 1964 साली न्यू जर्सीतल्या त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती. कुठेही तोंड फिरवा, दिवस असो वा रात्र, तेवढीच. आत कबुतरांनी घर केलेलं. कबुतरं दूर पाठवली, ती परत आली. विष्ठा खरवडून काढली. खरखर जशीच्या तशी. विश्व साधारण 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश, पसरून पसरून आता उणे 270 अंश सेल्सिअसइतका थंडावलेला, तोच तो. 1978 साली दोघांना नोबेल मिळालं. कंडक्टरकाकांना यातलं नोबेल कधी आठवायचं नाही, कबुतरं मात्र दरवर्षी आठवायची.

भांडणंही व्हायची, नाही असं नाही. आमच्यात नारळीकरांचा एक पक्ष होता. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर या खगोलशास्त्रज्ञांना महास्फोट, म्हणजे विश्व एका दाट, तप्त आरंभातून पसरत आलं ही कल्पना, मान्य नव्हता आणि गंमत म्हणजे 'बिग बँग' हे नाव हॉईलनीच 1949 साली रेडिओवर बोलताना वापरलं. मास्तर या पक्षाला हेलियमने गाठायचे. विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वजनात साधारण चौथा हिस्सा हेलियम आहे, एवढा ताऱ्यांच्या भट्टीत शिजत नाही. तो पहिल्या काही मिनिटांतलाच. समोरचे गप्प व्हायचे, पण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच सतरंजीवर. नारळीकरांनी तरी शेवटपर्यंत कुठे माघार घेतली! मला तो पक्ष चुकीचा वाटतो, पण त्यांच्याशिवाय मेळाव्याला मजा आली नसती. या हेलियमच्या वादातच नर्सताईंना कळलं की पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकंही तेव्हाचीच, 1380 कोटी वर्षं जुनी. "सलाईन लावताना उगाच बाटलीकडे बघत बसते हल्ली," त्या म्हणाल्या.

शेवटी आजी ऋग्वेदातलं विश्वाच्या उत्पत्तीवरचं नासदीय सूक्त म्हणायच्या. सुरुवातीला आम्ही चुळबुळायचो. पण "सो अङ्ग वेद यदि वा न वेद" आलं की सगळे गप्प. जो वर बसून बघतो त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. एवढं म्हणून आजी थांबायच्या आणि मास्तरांच्या खिशाकडे बघायच्या.

एका वर्षी पहिल्याच चिठ्ठीला वीज गेली. टीव्ही नाही, फळा दिसत नाही. अंधारात कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आज घ्याच ती." बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मास्तर म्हणाले, "उत्तर ध्रुवावर उभं राहून उत्तर दिशा कुठली असं विचारण्यासारखं ते असेल. किंवा खरंच काहीतरी असेल. मला माहीत नाही रे." त्या रात्री आजींनी सूक्त म्हटलं नाही. आम्ही सगळे बाहेर मैदानात जाऊन पडलो.

मेळावा अजून होतो. इलॅस्टिक दोनदा बदललं, डबा तोच आहे. मागच्या वर्षी कुणीतरी हौसेने नवा सपाट टीव्ही आणला. चॅनल नसताना लावला तर मुंग्याच नाहीत. निळा पडदा आणि 'नो सिग्नल'. पहिल्यांदाच आलेल्या एका पोराने विचारलं, "म्हणजे विश्व बंद?"

तर कुणाच्या माळ्यावर जुना, अँटेनाचा, चालू संच असेल तर कळवा. चित्र नाही दिसलं तरी चालेल, मुंग्या दिसल्या पाहिजेत.