जॅकवेल ते फिल्टर प्लांट: जुन्या तांब्यावर शॉर्ट रेंज मोडेम बसवताना

काम सांगायला सोपं होतं. नदीकाठच्या जॅकवेलवर (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर) एक पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक आहे, तो पंपांची स्थिती आणि पाण्याची पातळी सांगतो. ती माहिती टेकडीवरच्या फिल्टर प्लांटमधल्या संगणकावर यायला हवी होती. मधलं अंतर केबलच्या मापाने २.८ किलोमीटर. जमिनीत पूर्वी टेलिफोनसाठी टाकलेली १० जोड्यांची, ०.५ मिमी तारेची केबल होती आणि तीच वापरायची असं ठरलेलं. नवीन चर खणायचा असता तर मी फायबरच टाका म्हटलं असतं, पण चर नव्हता आणि तांबं होतं.

पीएलसीचा पोर्ट आरएस-२३२, म्हणजे जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट. त्याची धाव साधारण १५ मीटर, शिवाय त्याला दोन्ही टोकांची सिग्नल ग्राउंड एकच लागते. तीन किलोमीटरवरच्या दोन इमारतींची जमीन एका पातळीवर कधीच नसते. शॉर्ट रेंज मोडेम या दोन्ही अडचणी सोडवतो. तो पोर्टवरचा डेटा वेगळ्या लाइन कोडमध्ये घालून ट्रान्सफॉर्मरमार्फत वळलेल्या जोडीवर सोडतो, त्यामुळे दोन टोकांमध्ये थेट विद्युत जोड राहत नाही. नंबर फिरवणं नाही, एक्स्चेंज नाही. दोन डबे आणि मध्ये तार.

निघण्याआधी दोन्ही मोडेम टेबलावर शेजारी ठेवून, मीटरभर तारेने जोडून चालवले. हे केल्याशिवाय साइटवर जाऊ नका. तिथे गेल्यावर बिघाड मोडेममध्ये आहे, सेटिंगमध्ये आहे की केबलमध्ये, हा गुंता सोडवायला एक माणूस या टोकाला आणि एक त्या टोकाला लागतो. टेबलावर एकट्याचे हात पुरतात.

सेटिंग डिपस्विचने (बारीक स्विचच्या रांगेने) किंवा आतल्या जंपरने करायची असतात. वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवला. मोडेम याहून जास्त वेगाने चालतो, पण गरजच नव्हती. पीएलसी आणि संगणक मॉडबस आरटीयू या भाषेत बोलतात, तिच्यात १० रजिस्टरची विचारणा ८ बाइटची आणि उत्तर २५ बाइटचं. पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) धरून प्रत्येक बाइटला ११ बिट लागतात, म्हणजे ९६०० वर विचारणेला सुमारे ९ आणि उत्तराला सुमारे २९ मिलिसेकंद. टाकीतल्या पाण्याची पातळी सेकंदाला एकदा कळली तरी खूप झालं. वेग वाढवला की अंतर घटतं, म्हणून हातात आहे तेवढी ढील ठेवावी या मताचा मी आहे.

त्यातलं ११ बिट हे प्रकरण मात्र नीट पाहा. काही मोडेम आतून सिंक्रोनस, म्हणजे क्लॉकच्या ठेक्यावर चालतात आणि बाहेरचा असिंक्रोनस डेटा त्यात बसवतात. अशा मोडेमला एका अक्षराची लांबी सांगावी लागते: स्टार्ट, डेटा, पॅरिटी, स्टॉप सगळं मिळून. कारखान्यातून तो बहुधा १० वर येतो. मॉडबसचं ठरलेलं रूप ८ डेटा, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप, म्हणजे ११. स्विच १० वरच राहिला तर दिवे सगळे नीट लागतात, डेटा येतोही, पण मध्येच अक्षरं बिघडतात आणि माणूस केबलला शिव्या देत बसतो.

कॅरियर, म्हणजे मोडेम तारेवर सोडतो तो सिग्नल, दोन्हीकडे कायम चालू ठेवला. आरटीएसवर (उपकरणाने 'पाठवू का' असं विचारायच्या सिग्नलवर; 'पाठव' हे उत्तर म्हणजे सीटीएस) चालणारा कॅरियर एका मास्टरला (विचारणाऱ्याला) अनेक स्लेव्ह (उत्तर देणारे) एकाच तारेवर असतील तेव्हा स्लेव्हच्या बाजूला लागतो. समोरासमोर दोनच असतील आणि तरी तो लावला, तर दर वेळी आरटीएस-सीटीएसचा विलंब फुकट जातो. शिवाय पीएलसीच्या केबलमध्ये आरटीएसची तारच नसेल तर मोडेम गप्पच राहतो. ज्यांची लिंक सिंक्रोनस आहे त्यांच्यासाठी एक जादा गोष्ट: क्लॉक एकाच टोकाने द्यायचा. एक मोडेम इंटर्नलवर, दुसरा रिसीव्ह क्लॉकवर. दोन्ही इंटर्नलवर ठेवले तर थोडा वेळ ठीक चालतं, मग ठरावीक अंतराने चुका येतात.

जॅकवेलवर जाताना केबलच्या मार्गाने गेलो. पायवाट खराब होती, त्यावर वेळ घालवत नाही. बघायचं ते असं की केबल कुठे मोटरच्या पॉवर केबलला समांतर जाते, जॉइंटचे खड्डे किती आणि कुठे, आणि दोन्ही टोकांना ती कुठे संपते. आमच्या मार्गावर मध्ये एक जॉइंट पिट निघाला, तो कागदावरच्या नकाशात नव्हता. त्या खड्ड्याने पुढे बराच वेळ खाल्ला.

आता केबल. माझ्या मते या कामातला तीन चतुर्थांश वेळ इथे गेला पाहिजे. मोडेमच्या खोक्याला हातही लावू नका, आधी मोजा.

सुरुवात व्होल्टेजपासून. प्रत्येक तार ते अर्थ, एसी आणि डीसी दोन्ही. जुन्या टेलिफोन जोडीवर ४८ व्होल्ट डीसी अजून जिवंत असू शकतं, आणि घंटी आली तर त्याहून बरंच जास्त एसी. पॉवर केबलच्या शेजारून आलेल्या लांब तारेवर इंड्यूस झालेलं एसी असतं. आधी मोजा, मग हात लावा.

मग लूपचा रेझिस्टन्स. समोरच्या माणसाला जोडीच्या दोन तारा एकत्र पिळायला सांगा आणि आपल्याकडे मल्टिमीटर लावा. ०.५ मिमी तांब्याचा लूप किलोमीटरला सुमारे १७६ ओहम, ०.४ मिमीचा सुमारे २७४, ०.९ मिमीचा ५४ च्या आसपास. आमच्या २.८ किलोमीटरला ४९३ यायला हवे होते. बहुतेक जोड्या ५०० च्या मागेपुढे निघाल्या. पहिली जोडी ६४० दाखवत होती आणि आकडा स्थिर नव्हता. आकडा हलतो म्हणजे कुठेतरी जॉइंट गंजलाय. अशी जोडी आज चालेल आणि पहिल्या पावसात बंद पडेल, ती सोडून द्यावी. दुसरी जोडी मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) गळाली. मेगर लावण्याआधी दोन्ही टोकांची उपकरणं आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवून घ्यायला विसरू नका, आणि नंतर केबल डिस्चार्ज करा. एवढ्या लांब केबलमध्ये चार्ज साठून राहतो आणि झटका चांगलाच बसतो. लांबी वाढते तसं इन्सुलेशनचं वाचन घटतं, कारण सगळ्या गळत्या समांतर जोडल्या जातात. त्यामुळे नुसता आकडा बघण्यापेक्षा एकाच केबलमधल्या जोड्यांची आपसात तुलना करावी.

या लिंकसाठी जुन्या तक्त्यावर पाच आणि सहा नंबरच्या जोड्या लिहिलेल्या होत्या. तिथले जॉइंटर काका, ज्यांचे हात या केबलवर वर्षानुवर्षं फिरलेत, ठामपणे म्हणाले, "पाच-सहा एक नंबर आहेत साहेब. बझर वाजतोय, आणखी काय पाहिजे?"

लूपही बरोबर येत होता. पण माझ्या मीटरला कपॅसिटन्सची रेंज आहे, आणि ती असलेलाच मीटर न्या असं मी आग्रहाने सांगेन. समोरचं टोक उघडं ठेवून जोडीच्या दोन तारांमध्ये कपॅसिटन्स मोजायचा. टेलिफोन केबलमध्ये तो किलोमीटरला साधारण ५० नॅनोफॅरड, म्हणजे इथे १४० च्या आसपास. तीन, सात आणि आठ नंबर तसंच दाखवत होते. पाच आणि सहा दोन्ही बरेच कमी.

याचा अर्थ स्प्लिट पेअर. त्या न नोंदलेल्या जॉइंटमध्ये कोणीतरी पाचव्या जोडीची एक तार सहाव्याशी आणि सहाव्याची पाचव्याशी अदलाबदल केली होती. दोन्ही तारा टोकाला पोचतात, म्हणून बझर वाजतो आणि रेझिस्टन्सही बरोबर येतो. पण पुढे जी 'जोडी' आपण वापरतो तिच्या दोन तारा एकमेकींभोवती वळलेल्याच नसतात. वळणाचा सगळा उपयोग हा की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि मोडेमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वजा होतो. तारा वेगळ्या जोड्यांतल्या असल्या की तो वजा होत नाही. वर, एका जोडीवर पाठवणं आणि दुसऱ्यावर घेणं असेल तर आपलंच बोलणं आपल्याच कानात शिरतं.

काकांना हे नुसतं सांगून पटलं नसतं, आणि पटू नये हेही योग्यच. म्हणून पुढे मोडेम लागल्यावर पाच-सहावरही चाचणी घेतली. पंप बंद असताना एकही चूक नाही. पंपाचा स्टार्टर ओढला आणि चुकांचा काउंटर धावत सुटला. तेच मोडेम तीन-सातवर नेले, पंप दोनदा सुरू-बंद केला, काउंटर शून्यावर. काका म्हणाले, "म्हणजे बझरवर विसंबायचं नाही तर." जॉइंट उघडून दुरुस्त करायला ते तयार होते. पण जुनी जेली भरलेला जॉइंट उघडला की शेजारच्या चांगल्या जोड्या दुखावण्याची भीती असते. जोड्या शिल्लक होत्या, तेव्हा तो तसाच ठेवला आणि तक्त्यावर पाच-सहाला फुली मारली.

जोडणीत फारसं काही नाही. चार तारांच्या पद्धतीत या टोकाचा ट्रान्समिट त्या टोकाच्या रिसीव्हला जातो, म्हणजे कुठेतरी अदलाबदल करावी लागते. ती एकाच टोकाला करा आणि तिथेच लिहून ठेवा. आम्ही प्लांटच्या बाजूला केली. दोघांनीही आपापल्या परीने 'दुरुस्त' केली की पुन्हा सरळ होते. जोडीतल्या दोन तारा आपसात उलट झाल्या तर आमच्या मोडेमना फरक पडत नव्हता. तुमच्या मोडेमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. क्रोनमध्ये (तार दाबून बसवायच्या टर्मिनल पट्टीत) सॉलिड तारच पंच करा. मोडेमबरोबर येणारी मऊ, अनेक धाग्यांची तार तिथे धड बसत नाही, तिच्यासाठी स्क्रूचा टर्मिनल ब्लॉक आणि फेरूल घ्या. दोन्ही टोकांना गॅस ट्यूबचे प्रोटेक्टर लावले आणि त्यांची अर्थची तार शक्य तितकी आखूड ठेवली. प्रोटेक्टर कमी कपॅसिटन्सचाच हवा, नाहीतर तोच सिग्नल खातो. ज्यांची जोडी एक्स्चेंजमधून जाते त्यांनी लोडिंग कॉइल काढल्यात का हे आधी विचारावं. आवाजासाठी बसवलेली ती ८८ मिलिहेन्रीची कॉइल असेल तर या मोडेमचा सिग्नल पलीकडे पोचतच नाही.

सीरियल केबलचा घोळ जुनाच आहे. ९ पिनच्या पीएलसी पोर्टवर ट्रान्समिट ३ वर आणि रिसीव्ह २ वर, २५ पिनवर नेमकं उलटं, आणि मोडेम डीसीई, म्हणजे लाइनच्या बाजूचं उपकरण, असल्याने त्याच्या बाजूने बाण फिरलेले. डोकं लढवण्यापेक्षा मीटर लावा. पोर्ट गप्प असताना जी पिन ग्राउंडच्या मानाने उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दाखवते, ती त्या उपकरणाची पाठवणारी पिन. पीएलसीची आणि मोडेमची अशी एक-एक शोधली की सरळ केबल लागते की क्रॉस ते लगेच कळतं. ९ पिनवर ग्राउंड ५, २५ पिनवर ७.

चाचणीचा क्रम मोडू नये. आधी आपल्या टोकाला लोकल अ‍ॅनालॉग लूप (पाठवलेला डेटा आपल्याच मोडेममधून परत फिरवणं): यात आपली केबल आणि आपला मोडेम तपासला जातो. तो पास झाला तर रिमोट डिजिटल लूप, म्हणजे पूर्ण लाइन आणि समोरचा मोडेम. मग तेच दुसऱ्या टोकावरून, कारण जाणारी आणि येणारी जोडी वेगळी आहे. ५११ बिटांचा पॅटर्न सोडून चुका मोजायच्या. पाच मिनिटं बघून 'झालं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ९६०० वर १५ मिनिटांत ८६ लाख बिट जातात. दहा लाखांत एक चूक असेल तर एवढ्या वेळात आठ-नऊ दिसतील, पाच मिनिटांत तिनाच्या आसपास आणि तेही नशिबावर. आणि चाचणी चालू असताना पंप सुरू-बंद झालेच पाहिजेत. शांत जॅकवेलवर घेतलेल्या चाचणीला मी चाचणी म्हणत नाही.

ट्रान्समिट लेव्हलचा जंपर असेल तर काम भागेल तितक्या खालच्या पातळीवर ठेवा. त्याच केबलच्या दुसऱ्या जोडीवर टेलिफोन चालू असतो, आणि आपला मोडेम त्यात गुरगुरला की पहिली तक्रार आपल्याच नावावर येते.

पॅटर्न साफ गेल्यावर संगणकावरचा टाइमआउट थोडा सैल केला. मॉडबसमध्ये साडेतीन अक्षरांच्या शांततेवर फ्रेम संपते. ९६०० वर ती ४ मिलिसेकंद. मोडेमने अक्षरांच्या मध्ये तेवढी फट पाडली तर एक फ्रेम दोन तुकड्यांत मोजली जाते आणि उत्तर फेकून दिलं जातं. आमच्याकडे तसं झालं नाही. होत असेल तर मास्टरमध्ये ही मर्यादा वाढवण्याची सोय बहुधा असते.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवला: वापरलेल्या जोड्या आणि त्यांचे रंग, लूप आणि कपॅसिटन्सची दहाही जोड्यांची वाचनं, अदलाबदल कोणत्या टोकाला केली, प्रत्येक डिपस्विचची स्थिती, आणि जॉइंट पिट नेमका कुठे आहे ते. त्याखाली तिसरा मोडेम, सगळे स्विच जसेच्या तसे लावून, टेबलावर चालवून बघितलेला. तो बदलायला काकांना कोणालाही बोलवावं लागणार नाही. निघण्याआधी त्यांनी स्वतः एकदा बदलून, लिंक वर आलेली बघून, जुना परत लावला.