तारेचे वळ

स्वयंपाकघराच्या टेबलावर मेणकापड, मेणकापडावर गोणपाटात गुंडाळलेलं लांबट गाठोडं, आणि त्याच्याकडे पाठ करून घरमालकीण सिन्योरा शेगडीवर कॉफी करत होत्या. गोठ्याचं छप्पर बदलताना गवंड्याला ते तुळईवर सापडलं होतं. "पोलिसांना कळवायच्या आधी जरा पुसून स्वच्छ करून द्याल का?" असं त्यांनी आमच्या वर्कशॉपला फोन करून विचारलं होतं. वर्कशॉपचे उस्ताद, ज्यांना आम्ही माएस्त्रो म्हणतो, गुडघ्याच्या दुखण्याने घरी होते, म्हणून मी एकटाच गेलो.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिरोलीच्या एमआयडीसीत टूलरूमला बारा वर्षं काढली. आता इटलीत, गार्दोने व्हाल त्रोम्प्यात जुन्या बंदुका दुरुस्त करतो. मेल्ला नदीकाठच्या या गावात लोक शेकडो वर्षं बंदुकीच्या नळ्या घडवत आलेत. देशभरातल्या बंदुकांना तपासणीचा शिक्का मारणारी संस्थाही इथलीच. त्यामुळे कुणाच्या माळ्यावर काही निघालं की फोन आमच्याकडे येतो, यात नवल नाही.

गोणपाट आधीच सोडलेलं होतं. आत चरबी थापलेली, ती वाळून गुळाच्या ढेपेसारखी घट्ट झालेली. वरून लोखंडी तार वेढलेली, गंजून तिचे तुकडे पडलेले. लांबी जेमतेम 92 सेंटीमीटर, आणि नळीखाली दुमडलेली, कायमची जोडलेली संगीन. ओळख पटायला तेवढं पुरेसं होतं. 1891 सालच्या लांब कार्कानो रायफलीवरून दोन वर्षांनी घोडदळासाठी जी आखूड कार्बाइन निघाली, ती ही. इटालियनमध्ये मोस्केत्तो. स्वाराला संगीन वेगळी कमरेला बांधायला नको, म्हणून ती बंदुकीलाच बिजागरीने बसवलेली, तीन धारांच्या जाड सुयासारखी. खटका दाबला की ती पुढे उघडते.

सुंदर वस्तू दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. तसा तो गेला. गोळी आत ढकलणारा सरकता बोल्ट हलेना. मी बंदूक उलटी केली, तेव्हा मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीच्या, तळाची खाच दिसली, मातीने आणि चरबीने बुजलेली.

ही खाच कार्कानोची खूण आहे. सहा गोळ्या एका पत्र्याच्या क्लिपमध्ये असतात आणि क्लिपसकट आत भरतात. शेवटची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, गेली की रिकामी क्लिप या खाचेतून खाली गळून पडते. म्हणजे खाचेतून क्लिप दिसली, तर आत गोळ्या असण्याची शक्यता दाट. मी खिशातली बांबूची काडी काढून माती हळूच उकरली. आत पिवळसर धातू चमकला.

तेव्हा कुठे माझं लक्ष नळीच्या तोंडाकडे गेलं. ते शेगडीकडे होतं. सिन्योरांच्या पाठीकडे.

हे लिहितानाही तळहाताला घाम येतो. टूलरूममध्ये उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की मशीन बंद आहे असं कुणी सांगितलं तरी स्विच आपल्या डोळ्यांनी बघायचा. बंदुकीचं तेच. आधी नळीचं तोंड कुठे आहे ते बघायचं, मग बाकीचं. मी उलट केलं होतं.

"सिन्योरा, गॅस बंद करा आणि माझ्या मागून बाहेर या." आवाज शक्य तितका साधा ठेवला. त्या काही न विचारता आल्या. बंदूक तशीच टेबलावर ठेवली, तिला वळवायलाही हात लावला नाही. दार ओढून घेतलं आणि अंगणातून काराबिन्येरींना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन केला.

ते येईपर्यंत तासभर आम्ही अक्रोडाच्या झाडाखाली बसलो. सिन्योरा ब्याऐंशी वर्षांच्या. बंदूक वडिलांचीच असणार, म्हणाल्या. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला, वरचे हुकूम थांबले, पलटणी जागच्या जागी विखुरल्या आणि हजारो शिपाई मिळेल त्या वाटेने घरी निघाले. त्यांचे वडील अकरा दिवस चालत आले होते. बंदुकीबद्दल ते कधीच बोलले नाहीत. त्यानंतर वीस महिने या भागात जर्मन होते, आणि घरात हत्यार सापडलं तर जीव जाऊ शकत होता.

मग त्यांनी मला गाव विचारलं. मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की माझे आजोबा मराठा पलटणीत होते, 1941 साली एरिट्रियात केरेनच्या लढाईत. समोर इटालियन फौज होती, डोंगरावर. आजोबा त्या लढाईचं एकच सांगायचे, खडक तापलेला आणि पाणी नाही. सिन्योरा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या आजोबांवर अशाच बंदुका रोखलेल्या होत्या." मी हो म्हटलं.

दुपारी बॉम्बनाशक पथक आलं आणि बंदूक घेऊन गेलं.

कागदपत्रं होऊन ती आमच्या टेबलावर यायला पाच महिने लागले. चेंबर रिकामं निघालं होतं. मॅगझिनमध्ये मात्र पूर्ण क्लिप होती. अहवालात गोळ्यांच्या बुडावरचे शिक्के लिहिलेले होते : 'एसएमआय' आणि '940'. इटालियन कारखाने सालातला पहिला आकडा गाळायचे, म्हणजे या गोळ्या 1940 च्या.

पुढचं काम मी घाई न करता केलं. आमच्याकडे येणाऱ्या संग्राहकांपैकी काहींना चकचकीत वस्तू हवी असते. त्यांच्याशी मी भांडतो. लाकडावर पॉलिश पेपर फिरवला की कारखान्याचा शिक्का जातो, नंबर पुसट होतो आणि कडा गोल होतात. गेलेली कड परत आणता येत नाही. या कार्बाइनवर मी पॉलिश पेपर लावलाच नाही. चरबी रॉकेलने आणि लाकडी खरवडणीने काढली. सुट्या भागांवरचा तांबडा गंज शुद्ध पाण्यात उकळला. उकळल्यावर तांबडा गंज काळा होतो आणि पोलादाला धरून राहतो, वरचा सैल थर तेवढा मऊ ब्रशने निघतो. दोनतीनदा असं केलं की मूळचा काळसर रंग गंजाखालून वर येतो. ते बघताना मला दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखं वाटतं.

नळीवर ब्रेशियाच्या कारखान्याचं नाव निघालं, 1937 साल, आणि शेजारी रोमन आकड्यांत पंधरा, मुसोलिनीच्या राजवटीचं वर्ष. लाकडी दस्त्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर एकच. घरातून ती हललीच नव्हती, म्हणून जोडी टिकली. बाजारात अशी जोडी शोधायला लोक वर्षं घालवतात. संगिनीची बिजागरी नऊ दिवस तेलात ठेवली. दहाव्या दिवशी नुसत्या अंगठ्याने खटका दबला आणि पातं कुरकुरत पुढे आलं.

राहिला दस्ता. त्यावर सात काळे पट्टे होते, आडवे, सुतळीएवढे. ओलसर लाकडातलं टॅनिन आणि तारेचं लोखंड यांची क्रिया होऊन असे डाग पडतात. शाईचा रंग जुन्या काळी असाच करत. ऑक्झॅलिक ॲसिडचा बोळा फिरवला की डाग जातात, बाटली हाताशीच होती. मी ती उघडली नाही, सिन्योरांना बोलावलं.

त्या आल्या, चष्मा लावला. पट्टे काय आहेत ते मी सांगितलं. वडिलांनी बंदूक आवळून बांधली त्या तारेचे वळ आहेत, हवे तर घालवतो, पण माझं मन होत नाही.

त्यांनी एकेका पट्ट्यावर बोट ठेवत मोजले. मग विचारलं, "गोळ्या किती निघाल्या?"

"सहा."

"मावतात किती?"

"सहाच."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, पण डोळे पुसले नाहीत. दस्त्यावर पडलेली तेलाची बोटं पुसली. "राहू द्या वळ," म्हणाल्या, आणि जवसाच्या तेलाचा हात मी त्यांच्यासमोरच द्यायला घेतला.