गुडघा की टेबल

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आमच्या बॅचच्या ग्रुपवर आलं, खाली लिहिलं होतं की माजी विद्यार्थ्यांनी आठवणी पाठवा, दोन पानं चालतील, आणि मी त्याच रात्री स्वयंपाकघर आवरून लिहायला बसले. मनात स्नेहसंमेलन होतं, मैदानातलं चिंचेचं झाड होतं, पावसात गळणारा तो मधला वर्ग होता, पण पेन हातात घेतलं की सरच समोर येतात. नाव लिहीत नाही, लिहायची गरजपण नाही, आमच्या काळातल्या कुणालाही नुसतं "इंग्रजीचे सर" म्हटलं की पुरे.

१९८७ साल, मी नववीत. शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटायची, आणि सरांनी सांगितलं की ज्याला थांबायचंय त्याने थांबा, मी एक इंग्रजी कादंबरी वाचून दाखवणार आहे. पहिल्या शनिवारी अकरा जण होतो, तिसऱ्या शनिवारी अख्खा वर्ग. कादंबरी होती जॉन बकनची 'द थर्टी नाइन स्टेप्स'. सर आधी दोन वाक्यं इंग्रजीत वाचायचे आणि मग तेच मराठीत असं काही सांगायचे की आपण नायकाच्या, हॅनेच्या, लंडनच्या फ्लॅटमध्येच बसलोय, आणि तो घाबरलेला अमेरिकन स्कडर दाराला आतून कडी लावून आपल्यालाच सांगतोय की मी मेलोय असं मी जगाला भासवलंय. आम्ही मराठी माध्यमाची पोरं, पाचवीला एबीसीडी शिकलेली, आम्हाला १९१५ सालची इंग्रजी कादंबरी कोण वाचून दाखवणार होतं!

बकनबद्दल सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हा स्कॉटलंडचा माणूस, १९१४ साली महायुद्ध सुरू झालेलं आणि हा पोटाच्या अल्सरने अंथरुणाला खिळलेला, इंग्लंडच्या केंट भागात ब्रॉडस्टेअर्स म्हणून समुद्रकाठचं गाव आहे तिथे पडल्या पडल्या याने हे पुस्तक लिहिलं. पुढे १९३५ साली हाच माणूस कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला. सर म्हणाले होते, "आजारपणात माणूस एक तर कुढतो नाहीतर असं काहीतरी करतो." हे वाक्य मला माझ्या ऑपरेशनच्या वेळी फार उपयोगी पडलं, पण ते असो.

पाचवं प्रकरण मी जन्मात विसरणार नाही. हॅने पळतोय, पोलीसही मागे आणि जर्मन हेरही मागे, वरून विमान घिरट्या घालतंय, उघडा माळ, लपायला झुडूप नाही. तिथे रस्त्यावर खडी फोडणारा एक माणूस भेटतो, आदल्या रात्री मुलीच्या लग्नात प्यायलेला, डोकं धरून बसलेला, आणि त्या दिवशी नेमका साहेब तपासणीला येणार. मूळ पुस्तकात तो स्कॉटिश बोलीत बोलतो. सरांनी काय केलं, त्याला आमच्याकडचा मैलकुली करून टाकला. "आरं बाबा, डोस्कं फुटाय लागलंय, आन् आज सायेब यायचा हाय रं..." आणि वर्ग नुसता हसून हसून वेडा. आमच्या वर्गातल्या एकाचे वडील खरंच पीडब्ल्यूडीत मैलकुली होते. तो सगळ्यात पुढे बसून ऐकत होता आणि त्याचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू, आपल्या वडिलांसारखा माणूस इंग्रजी पुस्तकात आहे म्हणून.

हॅने त्याला घरी झोपायला पाठवतो, त्याचा चष्मा लावतो, हातातोंडाला धूळ फासून स्वतः खडी फोडत बसतो. हेर गाडीतून येतात, सगळं बघतात, आणि त्यातल्या एकाची नजर जाते बुटांवर. मैलकुलीच्या पायात एवढे भारी बूट कसे? हॅने शांतपणे सांगतो की गेल्या साली शिकारीला आलेल्या साहेबाने दिले. सर इथे थांबले, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, बघा, कपडे बदलले, चेहरा बदलला, बूट राहिले. आम्ही सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. निम्मे अनवाणी होते.

आणि एक सांगायलाच हवं. सुरुवातीला स्कडर ज्यू लोकांबद्दल फार वाईट बोलतो, जगातली सगळी कारस्थानं तेच करतात वगैरे. सरांनी ते गाळलं नाही. वाचलं, आणि म्हणाले लक्षात ठेवा, पुढे याच पुस्तकात सर वॉल्टर नावाचे मोठे सरकारी अधिकारी म्हणतात की स्कडरच्या डोक्यात असले विचित्र पूर्वग्रह भरलेले होते, तेव्हा पात्र जे बोलतं ते लगेच खरं धरू नका. मी आज ५२ वर्षांची आहे, मोठमोठ्या शिकलेल्या लोकांना पण अजून कुणी हे शिकवलेलं दिसत नाही.

तर नऊ प्रकरणं सरांनी वाचली आणि दहावं वाचलंच नाही. म्हणाले, शेवट ज्याचा त्याने वाचायचा, नंतर २५ मार्कांची परीक्षा. लायब्ररीत प्रत एकच, मुलं ४२. मग हजेरी नंबराप्रमाणे पुस्तक फिरायला लागलं, एका रात्रीला एक घर. माझा नंबर ३८. दिवाळीची सुट्टी त्यातच संपली, माझ्यापर्यंत पुस्तक पोचायला डिसेंबर उजाडला आणि मी कंदिलाजवळ बसून (त्या आठवड्यात लाइटचा काहीतरी घोळ होता) वाचत गेले तर समुद्रकाठच्या ट्राफलगर लॉज नावाच्या घरात, हेरांच्या संशयाने, हॅने आत शिरलाय, ते तिघं साधे इंग्रज गृहस्थ वाटतायत, पत्त्यांचा डाव मांडलाय, हॅनेला स्वतःचीच लाज वाटायला लागलीय की आपण भलत्यांनाच हेर समजलो, आणि पुढची पानंच नाहीत. शिलाई सुटून गेलेली. मी त्या रात्री रडले, खरंच रडले.

परीक्षेचे प्रश्न कसले होते म्हणता! लेखकाचं नाव, सालं, असलं काही नाही. हॅने इमारतीतून बाहेर कुणाच्या वेषात पडतो? (दूधवाल्याच्या.) कोणत्या स्टेशनवरून स्कॉटलंडची गाडी पकडतो? (सेंट पँक्रस.) भरती किती वाजता? (रात्री १०.१७.) भरतीच्या वेळेवरून हेरांची पळून जायची जागा कशी सापडते, हे चार ओळींत, याला पाच मार्क होते. मला अजून पाठ आहे. मोठ्या बंदरात भरतीची वाट बघायची गरज नाही म्हणजे जागा लहान, भरतीची वेळ जागेप्रमाणे बदलते म्हणजे किनाऱ्याचा तेवढाच तुकडा, आणि मग तिथल्या जिन्यांच्या पायऱ्या मोजायच्या, तर पोलीस अधिकारी स्केफ मोजून आणतो ३४, ३५, ३९, ४२, ४७ आणि २१. एक प्रश्न फसवा होता, हॅने बिग बेनच्या काट्याला का लटकतो? ज्याने मुंबईला मामाकडे व्हिडिओवर पिक्चर बघितला होता त्याने अर्धं पान लिहिलं. पुस्तकात हा प्रसंगच नाही, तो १९७८ च्या पिक्चरमधला.

शेवटचा प्रश्न, हॅने त्या हेराला कशावरून ओळखतो. मी लिहिलं, "शेवटची पानं नव्हती, मला माहीत नाही."

पुढच्या शनिवारी सर पेपर घेऊन आले. कुणाला रागावले नाहीत, आवाज पण चढवला नाही. म्हणाले, एक ते एकोणतीस नंबरपर्यंत सगळ्यांनी लिहिलंय की तो माणूस बोटांनी गुडघ्यावर टकटक करतो. तीस नंबरपासून पुढे सगळ्यांनी लिहिलंय टेबलावर. पुस्तकात गुडघा आहे. म्हणजे एकोणतीस आणि तीसच्या मध्ये पानं गेली, आणि पुढच्या सगळ्यांना एकाच जणाने गोष्ट सांगितली, त्याने गुडघ्याचं टेबल केलं. वर्ग गार. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग सरांनी एवढंच म्हटलं, "तीसच्या पुढे एकच पेपर असा आहे की त्यात टेबल नाही," आणि माझा पेपर माझ्या हातात दिला. १९ मार्क. शेवटच्या प्रश्नापुढे शून्य नव्हतं, लाल शाईत लिहिलं होतं, "पानं नव्हती हे खरं. आणतो." पानं कुणाकडून हरवली हे त्यांनी कधीच विचारलं नाही, एकोणतीस नंबरकडे बघितलं सुद्धा नाही.

आणि सरांनी आणली. रविवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, फर्ग्युसन रोडवरच्या ब्रिटिश लायब्ररीत बसून तेवढी पानं हाताने उतरवून घेतली, फुलस्केपवर, निळ्या शाईत, त्यांचं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर. सोमवारी आम्ही दोघी-तिघींनी खळ करून ती पानं पुस्तकाला चिकटवली, कडा जास्त बाहेर आल्या म्हणून सरांनी पट्टी ठेवून ब्लेडने कापल्या. शेवट मी सरांच्या अक्षरात वाचला. पत्ते चालू आहेत, तो माणूस खुर्चीत मागे टेकतो, आणि बोटं गुडघ्यावर वाजायला लागतात, तशीच, जशी आधी माळावरच्या घरात हॅनेसमोर वाजत होती. तेवढ्यावरून सगळं सोंग उतरतं. अंगावर काटा आला होता, आत्ता लिहिताना पण आलाय.

मी पुढे सीए झाले, २६ वर्षं ऑडिट करतेय. एका ठिकाणी सगळे हिशोब जुळत होते, शिक्के बरोबर, तारखा बरोबर, पण सहा वेगवेगळ्या माणसांच्या सह्यांमध्ये खालची रेघ एकाच पद्धतीने वर उचललेली. मला आधी ती रेघ दिसली आणि मग बाकीचं बाहेर आलं. त्या दिवशी सरांना फोन केला, ते तेव्हा रिटायर होऊन गावीच होते, ऐकायला कमी यायचं. मी ओरडून सांगितलं, "सर, गुडघा सापडला!" त्यांना लगेच कळलं. बाकी काही विचारलं नाही, "जेवलीस का?" एवढंच.

२०१९ साली मुलगी शिकायला इंग्लंडला होती तेव्हा मी गेले, आणि राजवाडा वगैरे बाजूला ठेवून पहिल्यांदा ब्रॉडस्टेअर्सला गेले. गाडी सेंट पँक्रसवरूनच सुटते, त्या स्टेशनात मी उगीच अर्धा तास आधी जाऊन उभी राहिले. तिथल्या मूळ जिन्याला म्हणे ७८ पायऱ्या होत्या आणि बकनने निम्म्या केल्या. त्या जिन्यापर्यंत मला जाता आलं नाही, पण पांढऱ्या खडूसारखे ते कडे बघितले आणि सरांना फोटो पाठवायचा म्हणून मोबाइल काढला, मग आठवलं की सर जाऊन दोन वर्षं झाली.

गेल्या मे महिन्यात शाळेत गेले होते. नवी इमारत छान झालीय, कॉम्प्युटर लॅब आहे, वर्गात प्रोजेक्टर आहेत, सगळं चांगलंच आहे. पण लायब्ररीचं ते काचेचं कपाट नाही, आणि पुस्तकं कुठे गेली ते कुणाला सांगता आलं नाही, बहुतेक रंगकामाच्या वेळी हलवली असं शिपायांनी सांगितलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

म्हणून हे सगळं लिहिलं. कुणी वाचायला नेऊन परत द्यायचं राहिलं असेल, कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, भावाच्या घरी पडलं असेल, तर एकदा बघा. जांभळट कापडी बांधणीचं पुस्तक आहे, पाठीवरची अक्षरं पुसलीत, आतल्या पानावर शाळेचा गोल शिक्का. शेवटची पानं निळ्या शाईत असतील आणि त्यांची कड थोडी तिरकी कापलेली असेल. सापडलं तर शाळेत कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि नव्या लायब्ररीत लावीन.

(माजी विद्यार्थिनी, १९८९ ची दहावीची बॅच, हजेरी नंबर ३८)