बाळ अंगावर पितंय, मग भरत का नाही?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. परवा सात महिन्यांची एक मुलगी वजनकाट्यावर पालथी पडून काट्याची कडाच चोखत होती. आकडा डुगडुगत ६.७ किलोवर थांबला. आईचा चेहरा उतरला. "डॉक्टर, जावेचं बाळ हिच्याच वयाचं. डब्याच्या दुधावर साडेआठ किलोचं झालंय. माझं दूध पातळ आहे का हो?"

दूध पातळ नाही. त्यात प्रथिनं बेताची असतात, १०० मिलिलिटरमागे साधारण १ ग्रॅम. डब्याच्या दुधात त्याहून थोडी जास्त, आणि गाईच्या दुधात तर तिप्पट. प्रथिनं जास्त गेली की बाळाच्या रक्तात इन्सुलिन आणि आयजीएफ-१ नावाचं वाढीचं संप्रेरक वाढतं, आणि वजन भराभर चढतं. युरोपातल्या पाच देशांत काही बाळांना कमी प्रथिनांचं, तर काहींना जास्त प्रथिनांचं डब्याचं दूध दिलं. दोन वर्षांची झाल्यावर जास्तवाली वजनाने पुढे होती, उंचीत मात्र फरक नव्हता. जावेच्या बाळाचं गुटगुटीतपण थोडंफार इथून आलेलं असू शकतं.

अंगावरची बाळं पहिले दोन-तीन महिने चांगलं बाळसं धरतात, मग वजनाचा वेग मंदावतो. बाळांची वाढ ताडून पाहायला पूर्वी जगभर वापरला जाणारा १९७७ चा अमेरिकन तक्ता मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या बाळांवरून बनवलेला होता. त्यावर अंगावरची धडधाकट बाळंही मागे पडलेली दिसायची, आणि घाबरून वरचं दूध सुरू व्हायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली नवा तक्ता आणला. त्यासाठी भारतासह सहा देशांतली अंगावर पिणारी बाळं मोजली होती.

आईच्या दुधात लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन अशी भूक आणि चरबीशी संबंधित संप्रेरकंही असतात. हे वाचून कुणी मला छातीठोकपणे सांगतं की अंगावर प्यायलेलं मूल पुढे जाड होतच नाही. बेलारूसमध्ये १७ हजारांवर माय-लेकरांचा अभ्यास झाला. निम्म्या दवाखान्यांत स्तनपानाला खास पाठबळ दिलं, तिथल्या आयांनी जास्त काळ पाजलंही. पण साडेअकराव्या वर्षी दोन्हीकडच्या मुलांच्या लठ्ठपणात नि आयजीएफ-१ मध्ये फरक निघाला नाही. अंगावर पाजायची कारणं पुष्कळ आहेत, त्यात हे खोटं आश्वासन कशाला घालायचं?

मी त्या आईसमोर तक्ता ठेवला. जन्माचं वजन २.८ किलो. तिथून आजच्या ठिपक्यापर्यंत मुलगी जवळपास एकाच रेषेवरून चालत आली होती. ती रेषा सोडून खाली घसरली असती, तर मी काळजी केली असती.

"दिवसाला लंगोट किती ओले होतात?" मी विचारलं.

"मोजायला वेळ कुणाला आहे? दोरीवर जागा उरत नाही, एवढं सांगते."